अर्धवट राहिलेली गांठ

‘परतीचे दोर कापून टाकणें’ हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या कानांवर लहानपणापासून असतो. १६७० सालीं कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटूं लागला, तेव्हां सूर्याजीनें कड्यावरचे दोर तोडून त्यांना पुन्हा लढाईस उभें केलें, ही कथा शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. युद्धांत तें शौर्य ठरलें. परंतु केवळ हौसेनें कडे चढणाऱ्यांची नीति याच्या नेमकी उलट आहे. परतीचा दोर शाबूत राखणें हा त्यांच्या विद्येचा पहिला धडा होय. आणि हा धडा केवढ्या जाणत्या माणसाच्या हातूनहि निसटूं शकतो, हें जगांतील एका अत्यंत निष्णात आरोहिकेच्या अपघातावरून कळून येतें.

तो अपघात समजण्यासाठीं आधीं या खेळाची रीत समजली पाहिजे. सुटीच्या दिवशीं चार मित्र पाठीवर पिशव्या टाकून कड्याच्या पायथ्याशीं जातात, दोर उलगडतात आणि पाळीपाळीनें वर चढतात. पाहणाऱ्यास वाटतें कीं, ते दोराला धरूनच चढत असावेत. वस्तुतः तसें नाहीं. प्रस्तरारोहणाच्या ज्या प्रकाराला मुक्त आरोहण म्हणतात, त्यांत दोराचें काम चढविण्याचें नसून वांचविण्याचें असतें. चढणारा आपल्या बोटांनीं व पायांच्या टोकांनीं खडकाच्या कंगोऱ्यांवर, खांचांत आणि भेगांत आधार शोधीत वर सरकतो. दोराचें एक टोंक त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेलें असतें. वाटेंत खडकांत पक्क्या बसविलेल्या मेखांना तो कड्या अडकवितो व त्या कड्यांतून दोर सोडीत जातो. खालीं उभा असलेला सोबती दोराची दुसरी बाजू एका लहानशा धातूच्या साधनांतून घेऊन हातांत धरतो. हें साधन घर्षणानें दोर अडवितें, म्हणून हलक्या अंगाचा सोबतीहि जड माणसाचें पडणें थोपवूं शकतो.

दोराविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. पूर्वीं हे दोर मनिलासारख्या वाखाचे असत. ते फारसे ताणले जात नसत. त्यामुळें पडणाऱ्यास जबर हिसका बसे आणि प्रसंगीं दोरच तुटे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर प्रचारांत आले. ओझें पडतांच ते कांहीं फूट ताणले जातात आणि एका क्षणाचा आघात अनेक क्षणांत वांटून देतात. अशा रीतीनें दोर, मेख, कडी आणि सोबती या सर्वांवर चढणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. परंतु हीं सर्व साधनें कितीहि भक्कम असलीं, तरी त्यांचा चढणाऱ्याशीं असलेला संबंध एकाच ठिकाणीं जुळतो, तें ठिकाण म्हणजे कमरेजवळची गांठ. इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा फांस घ्यावयाचा, दोराचें टोंक पट्ट्यांतून ओवावयाचें आणि फांसाच्या वाटेनेंच तें उलट फिरवून आणावयाचें, अशी ही गांठ आहे. बरोबर पडली कीं चुकली, हें ती पाहतांच कळतें, हा तिचा मोठा गुण होय. मात्र त्यासाठीं ती पाहावी लागते.

लिन हिल ही अमेरिकन स्त्री १९६१ सालीं जन्मली आणि वयाच्या चौदाव्या वर्षीं कडे चढूं लागली. उंचीनें ती जेमतेम सव्वापांच फुटांच्या आंत. परंतु लहानपणीं केलेल्या कसरतींच्या अभ्यासामुळें तिचें शरीर चपळ व तोल अचूक होता. इटलींतील आर्को येथील नामांकित सामना तिनें एकूण पांच वेळां जिंकला. सन १९८९ मध्यें ती या खेळांत जगांतील अग्रगण्य स्त्रियांपैकीं एक गणली जात होती. त्या वर्षीच्या मे महिन्यांत ती फ्रान्सच्या दक्षिण भागांतील ब्यू या खेड्याजवळच्या चुनखडी कड्यांवर गेली होती. त्या दिवशीं निवडलेली वाट तिच्या दृष्टीनें सोपी, अंग मोकळें करण्यापुरती होती.

तिनें दोर पट्ट्यांतून ओवला. परंतु गांठ पुरी करण्यापूर्वींच ती चढण्याचे जोडे पायांत घालावयास गेली, आणि तेवढ्यांत कोणाशीं चार शब्द झाले. परत आल्यावर आंगांतील जाकिटामुळें गांठीची जागा झांकलेली होती. कांहीं तरी करावयाचें राहिलें आहे, अशी शंका तिच्या मनांत येऊन गेली होती, असें तिनें पुढें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. पण त्या शंकेचा पाठपुरावा झाला नाहीं. ती निर्वेधपणें वर पोंचली. वर चढेपर्यंत दोरावर भार असा आलाच नव्हता, म्हणून नुसता ओवलेला दोर जागच्या जागीं राहिला. शेवटच्या कडीशीं पोंचल्यावर, आतां सोबती खालीं उतरवील, या विश्वासानें तिनें मागें अंग टाकलें, आणि दोर पट्ट्यांतून सरकन् निसटला.

ती सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून पडली. श्रोत्यांनीं या आंकड्याचा थोडा हिशेब करून पाहावा. सत्तर फूट खालीं येण्यास मोकळ्या वस्तूला दोन सेकंदांहून किंचित् अधिक वेळ लागतो, आणि जमिनीजवळ तिचा वेग ताशीं सुमारें ७३ किलोमीटर होतो. एवढ्या वेगानें मनुष्य सरळ खडकावर आपटला, तर वांचण्याची आशा फार थोडी. परंतु वाटेंत एक झाड होतें. त्याच्या फांद्यांवर आदळत ती खालीं आली. आघाताचें बळ हें केवळ वेगावर नव्हे, तर थांबण्यास किती अंतर मिळतें यावरहि ठरतें. नायलॉनच्या दोरानें जें काम करावयाचें, तें त्या दिवशीं फांद्यांनीं केलें. ती बेशुद्ध झाली, तिच्या डाव्या हाताचा कोपर निखळला व पायांतील एक हाड मोडलें. परंतु प्राण वांचला.

येथें विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, चूक झाली ती नवशिक्याची नव्हे. नवशिका गांठ मारतांना घाबरलेला असतो, म्हणून तो दोनदां पाहतो. चौदा वर्षें हजारों वेळां मारलेली गांठ हाताला इतकी पाठ होते कीं, मन तिच्यांतून निघून जातें. आणि मन गेल्यावर मध्यें व्यत्यय आला, तर काम अर्धें राहिलें आहे, याची आठवण देणारें कोणी उरत नाहीं. गाणारा तान विसरला तर साथीदार सावरतो. म्हणूनच आतां जगभर ही शिस्त शिकविली जाते कीं, पाय खडकाला लावण्यापूर्वीं चढणाऱ्यानें सोबत्याचें साधन व कडी पाहावी आणि सोबत्यानें चढणाऱ्याचा पट्टा व गांठ डोळ्यांनीं पाहून हातानें चांचपावी. दुसरी शिस्त याहून सोपी आहे: गांठ मारावयास घेतली कीं ती संपेपर्यंत जोडे नाहींत, पाणी नाहीं आणि बोलणेंहि नाहीं.

पडल्यानंतर दुसरा अध्याय सुरू होतो, आणि त्यांतहि गांठ अर्धी सोडण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. मोडलेलें हाड कसें जुळतें, हें पाहिलें म्हणजे याचा उलगडा होईल. हाड मोडतांच तेथें रक्त सांखळतें व सूज येते. या सुजेला रोगी शत्रु समजतो. परंतु दुरुस्तीचे कामगार तिच्याच वाटेनें येतात. दोन-तीन आठवड्यांत मोडीच्या भोंवतीं कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. पुढील कांहीं आठवड्यांत त्यांत चुन्याचे क्षार बसून तो कठीण होतो. वेदना बहुधा याच सुमारास थांबते. परंतु काम येथें संपत नाहीं. हा सांधा ओबडधोबड असतो. त्याला मूळचा घाट येण्यास कित्येक महिने, क्वचित् वर्षेंहि लागतात. जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यानें १८९२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, हाडावर जसा भार पडतो, तसें तें स्वतःला घडवितें. म्हणजे मुळींच भार न दिल्यास हाड दुबळें राहतें, आणि एकदम फार दिल्यास पुन्हा मोडतें. थोडा भार, मग विसांवा, मग किंचित् अधिक भार, हाच त्यावर उपाय.

निखळलेल्या कोपराची गोष्ट थोडी निराळी आहे. हाड जागेवर बसविलें, तरी सांध्याला बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणलेले वा फाटलेले असतात. त्यांना विश्रांति हवी; परंतु कोपर फार दिवस बांधून ठेवला, तर तो आंखडतो आणि हात पुरता सरळ होत नाहीं. म्हणून वैद्य लौकरच हलक्या हालचाली सुरू करवितात.

स्नायूंमध्यें रक्त भरपूर खेळतें, म्हणून पट्टी सुटल्यावर कांहीं आठवड्यांच्या व्यायामानें त्यांची शक्ति परत येऊं लागते. स्नायूला हाडाशीं जोडणाऱ्या कंडरांना मात्र रक्ताचा पुरवठा बेताचा. त्या महिनोन् महिने मागें राहतात. चढणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत येथें होते. दंड भरलेला दिसतो, मन उतावीळ असतें, आणि ज्यांच्यावर सगळा भार यावयाचा, ती बोटें अद्याप तयार झालेली नसतात. बोटांच्या कंडरा ज्या बारीक कड्यांतून जातात, त्यांपैकीं एखादी कडी अशा वेळीं तटकन् तुटते, आणि बरा झालेला माणूस नव्या दुखण्यानें घरीं बसतो. वेदना थांबली म्हणजे दुखणें बरें झालें, असें समजणें, ही बरें होण्यांतील अर्धवट गांठ होय.

मनाचीहि दुरुस्ती याच क्रमानें व्हावी लागते. पडून आलेल्या माणसाला कड्याखालीं उभें राहतांच घाम फुटतो. त्याला भित्रा म्हणून हिणविणें अन्यायाचें आहे, कारण ती भीति अनुभवानें शिकविलेली असते. अशा माणसाला वरून बांधलेल्या दोरावर सोप्या व बुटक्या खडकाशीं न्यावें. तेथें तो पडला तरी वीतभर खालीं येऊन लटकतो, आणि दोर धरतो, ही गोष्ट त्याच्या शरीराला हळूहळू पुन्हा पटूं लागते.

लिन हिल कांहीं महिन्यांनीं सामन्यांत परतली. तिचें भाग्य असें कीं, एवढ्या पडण्याच्या मानानें दुखापत थोडी होती. प्रत्येकानें तिच्या वेगाची बरोबरी करूं नये. अपघातानंतर दोन वर्षांच्या आंत तिनें फ्रान्समधील सिमे येथें, त्यापूर्वीं कोणाहि स्त्रीला न साधलेली, अति अवघड श्रेणीची चढाई पुरी केली. पुढें कॅलिफोर्नियांतील योसेमिटी खोऱ्यांत ‘एल कॅपिटन’ नांवाचा जो सुमारें तीन हजार फुटांचा ग्रॅनाइटचा कडा आहे, त्याच्या ‘नोज’ या प्रसिद्ध वाटेकडे ती वळली. ही वाट प्रथम १९५८ सालीं मेखा व दोर यांच्या आधारानें चढली गेली होती. परंतु भार दोरावर न टाकतां, केवळ हातापायांच्या बळावर ती कोणासहि पुरी करतां आली नव्हती. लिन हिलनें १९९३ सालीं एका सोबत्यासह चार दिवसांत तें साधलें, आणि १९९४ सालीं तीच वाट तिनें एका दिवसांत, चोवीस तासांच्या आंत, चढून दाखविली. वाटेंतील एका मोठ्या छताखालच्या चीर इतकी अरुंद आहे कीं, तिच्या बारीक बोटांना तेथें अधिक वाव मिळाला. ब्यूच्या कड्याखालीं निखळलेल्या कोपरानें पुन्हा पांच वर्षांनीं हें काम केलें.

या हकीकतींत सह्याद्रींत सहलीस जाणाऱ्या तरुणांना घेण्यासारखें पुष्कळ आहे. आपला काळा कातळ लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. कांहीं ठिकाणीं तो पोलादासारखा घट्ट, तर कांहीं ठिकाणीं हातांत निघून येणारा. पावसाळ्यांत त्यावर शेवाळ चढतें, आणि गवत धरून चढणें म्हणजे फसव्या मित्रावर विसंबणें होय. डोक्यावर शिरस्त्राण हवेंच, कारण वरून सुटलेला दगड कोणाची ओळख ठेवीत नाहीं. अपघात झालाच, तर पडलेल्या माणसाला घाईनें उठवूं नये. वरून दगड येण्याचा धोका नसेल, तर मान व पाठीचा कणा जसा आहे तसा स्थिर ठेवावा, मोडलेल्या अवयवास काठीचा आधार बांधावा, अंगावर उबदार कपडा घालावा आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये. पायथ्याच्या गांवांत आधींच आपल्या वाटेची खबर देऊन ठेवलेली असावी, कारण खांद्यावरून माणूस खालीं आणावयाचा झाला, तर त्या गांवचे लोकच प्रथम धांवून येतात.

आणि घरीं परतल्यावर, पट्टी सुटली तरी वैद्यानें सांगितलेला व्यायाम रोजच्या रोज करावा. त्यांत टाळ्या नाहींत, शिखर नाहीं, पाहणारेंहि कोणी नाहीं. मऊ चेंडू दाबावयाचा, पाय दोन बोटें वर उचलावयाचा, पुन्हा खालीं ठेवावयाचा, असें तें कंटाळवाणें काम आहे. पण कड्याखालीं उभें राहून गांठ शेवटपर्यंत पुरी करणें हेंहि असेंच, कोणाच्या नजरेंत न भरणारें काम होतें. पुढच्या रविवारीं जे कोणी दोर घेऊन निघतील, त्यांनीं जोडे घालण्यापूर्वीं गांठ पुरी करावी, आणि सोबत्यानें ती हातानें चांचपून पाहिल्यावांचून कड्याला हात लावूं नये.