पायाची जखम, रक्तवाहिन्या आणि प्राणवायूचा कक्ष

मधुमेही व्यक्तीच्या पायावरील जखम महिना-दीड महिना उलटूनही भरत नाही, तेव्हा घरात एका उपचाराचे नाव हमखास निघते : हायपरबेरिक ऑक्सिजन. कोणी ते मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकलेले असते, कोणी मोबाइलवर पाहिलेले असते. ‘डॉक्टर, बाबांना त्या ऑक्सिजनच्या कक्षात बसवले तर पाय वाचेल ना?’ आरे-वारेच्या परिसरातील कुटुंबांकडून हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी, जखम का भरत नाही आणि हा कक्ष नेमके काय करतो, या दोन गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा पायावर दोन बाजूंनी आघात करते. एक म्हणजे चेतातंतू बधिर होतात. शिंपल्याची धार लागली, चपलेत खडा राहिला, तरी कळत नाही. दुसरे म्हणजे गुडघ्याखालील धमन्या अरुंद व कडक होतात. जखम भरून येण्यासाठी लागणारा प्राणवायू, पोषण, पांढऱ्या पेशी आणि प्रतिजैविके हे सारे रक्तातूनच पोहोचते. वाटच अडली असेल, तर वरून कितीही मलमपट्टी केली तरी जखम जागची हलत नाही. बधिरतेमुळे पोटरीत गोळे येणे, चालताना पाय दुखणे ही पूर्वसूचनाही अनेकांना मिळत नाही. म्हणूनच ‘दुखत नाही, म्हणजे साधी जखम आहे’ हा समज सर्वांत घातक होय.

आता कक्षाविषयी. समुद्रात दहा मीटर खोल गेल्यास शरीरावरील दाब किनाऱ्यावरील दाबाच्या दुप्पट होतो. या उपचारात रुग्णाला बंद कक्षात बसवून किंवा झोपवून हवेचा दाब दुपटीपासून अडीचपटीपर्यंत वाढवतात आणि शुद्ध प्राणवायू श्वासावाटे देतात. एक बैठक सुमारे दीड ते दोन तासांची असते. आठवड्यातून पाच दिवस, अशा साधारणपणे ३० ते ४० बैठका होतात.

एरवी रक्तातील जवळजवळ सर्व प्राणवायू हिमोग्लोबिन वाहून नेते. रक्तद्रवात विरघळलेला प्राणवायू १०० मिलिलिटरमागे जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिल्यास हे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते. ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद बोरेमा यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हिमोग्लोबिन जवळजवळ काढून घेतलेली डुकराची पिल्ले अशा दाबाखाली जिवंत राहिली होती. वाढलेल्या प्राणवायूमुळे पांढऱ्या पेशी जंतूंशी अधिक जोमाने लढतात, नवे कोलॅजन तयार होते आणि जखमेभोवती नव्या केशवाहिन्या फुटण्यास चालना मिळते.

परंतु येथे एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. प्राणवायूने समृद्ध झालेले रक्तही धमनीतूनच पायापर्यंत जायचे असते. हा उपचार सूक्ष्म केशवाहिन्यांना मदत करतो, मात्र बंद पडलेली मोठी धमनी उघडत नाही. ते काम अँजिओप्लास्टीचे किंवा बायपास शस्त्रक्रियेचे आहे.

संशोधनाचे निष्कर्षही सावधपणे वाचावेत असे आहेत. स्वीडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ९४ रुग्णांच्या अभ्यासात, वर्षभरात जखम पूर्ण भरण्याचे प्रमाण कक्षातील उपचार घेतलेल्यांत ५२ टक्के, तर इतरांत २९ टक्के होते. याउलट, नेदरलँड्समधील १२० रुग्णांच्या २०१८ सालच्या अभ्यासात रक्तपुरवठा कमी असलेल्या पायांना निर्णायक लाभ दिसला नाही. त्यात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना ठरलेल्या बैठका पूर्णच करता आल्या नाहीत. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ साली दिलेला सल्ला मध्यममार्गी आहे : रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाची जखम उत्तम नेहमीचे उपचार करूनही भरत नसेल आणि सोय उपलब्ध असेल, तर पूरक उपचार म्हणून याचा विचार करावा. पूरक म्हणजे जोडीला, ऐवजी नव्हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम पायाच्या नाड्या तपासून घ्याव्यात. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, ते ०.९ पेक्षा कमी असल्यास रक्तपुरवठ्यात अडथळा असण्याची शक्यता मोठी असते. मधुमेहात कडक झालेल्या धमन्यांमुळे हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. अशा वेळी अंगठ्यातील रक्तदाब व डॉप्लर तपासणी उपयोगी पडते. अडथळा असल्यास रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांचे मत तातडीने घ्यावे. त्याच्या जोडीला मृत ऊतके काढणे, जंतुसंसर्ग आटोक्यात आणणे, शर्करा नियंत्रण, तंबाखू पूर्ण बंद आणि जखमेवरचा भार काढणे हे व्हायलाच हवे. एवढे करूनही प्रगती नसेल, तर कक्षाचा विचार रास्त ठरतो. अमेरिकेतील मेडिकेअर योजनाही २००३ पासून, हाडापर्यंत वा खोलवर गेलेली जखम ३० दिवसांच्या योग्य उपचारांना दाद देत नसेल, तरच याचा खर्च देते.

आपल्या भागातील कुटुंबाला या उपचारासाठी मोठ्या शहरात दीड-दोन महिने मुक्काम करावा लागू शकतो. सोबतीला कोण राहणार, पैसा किती लागणार, हे प्रश्न खरे आहेत. त्याहून मोठी भीती अशी, की धमनी न तपासता बैठका सुरू झाल्या, तर तेवढ्या काळात पाय हातचा जाऊ शकतो. तेव्हा जाण्यापूर्वी डॉक्टरांना नि:संकोच विचारावे : ‘रक्तपुरवठा तपासला का? किती बैठकांनंतर लाभ होतो की नाही हे ठरवणार?’

कक्षात दाब वाढताना, आंबा घाट उतरताना बसतात तसे कानात दडे बसतात. क्वचित कानाच्या पडद्याला इजा होते. काही आठवडे दृष्टीत तात्पुरता फरक पडतो, म्हणून लगेच नवा चष्मा करू नये. रक्तशर्करा उतरू शकते; उपाशीपोटी जाऊ नये. झटका येणे दुर्मीळ, पण शक्य असते. छातीच्या पोकळीत हवा साठली असल्यास हा उपचार निषिद्ध आहे. दमा वा फुप्फुसाचा जुना आजार आधीच सांगावा. आगीचा धोका असल्याने केसांना तेल न लावता, सुती कपड्यांत जावे. मोबाइल, काडेपेटी बाहेर ठेवावी. घरी वापरायच्या कमी दाबाच्या फुगणाऱ्या पिशव्यांना या उपचाराचा पर्याय मानू नये.

खरा बचाव मात्र जखम होण्याआधीचा. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी सहकाऱ्यांसह ‘स्टेप बाय स्टेप’ हा पाय-संरक्षण प्रशिक्षणाचा कार्यक्रम भारतात रुजवला, तो याच विचारातून. आपल्याकडे ओहोटीला कालवे काढताना, जांभ्याच्या पाखाडीवरून उतरताना, तापलेल्या वाळूत फिरताना पाय अनवाणी असतात. गणपतीपुळ्याची डोंगराला घालायची सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा ज्येष्ठांनी ऊन चढण्यापूर्वी, जाड सुती मोजे घालून करावी आणि नंतर तळवे पाहावेत. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, चिखल्या अंगावर काढू नयेत. कुरूप ब्लेडने कापू नये; बधिर पाय गरम पाण्यात शेकू नयेत. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली एमसीआर चप्पल घरातही वापरावी.

वाकता न येणाऱ्या आजी-आजोबांचे तळवे घरातील कोणीतरी रोज रात्री उजेडात पाहावेत. लालसर डाग, फोड, ओल, दुर्गंधी किंवा काळे पडलेले बोट दिसले, तर पुढच्या बाजारवारापर्यंत थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.