पाय भिजेपर्यंत

पहाटे ५
घर जागं व्हायच्या आत ओसरीवर दहा मिनिटं डोळे मिटून बसते. श्वास येतो, जातो. मग आज जायची घरं एकेक करून आठवते. सासूबाईंना ही शांतता जात्यावर मिळायची.

सकाळी ७
ऊसतोडीला निघालेल्या घरी सून गरोदर आहे. लोहाच्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत माझ्या हातानं ठेवते. कारखान्याच्या तळावर तिला ओळखणारं कोणी नसेल, तिथं ते कार्डच तिच्यासाठी बोलेल.

सकाळी ९
मावशींचा कुष्ठरोग १२ महिन्यांच्या औषधांनी बरा झाला, पण तळपायाची संवेदना परतली नाही. काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून पाय रोज डोळ्यांनी बघावा लागतो. घमेल्यात साधं पाणी घेऊन पाय वीस मिनिटं भिजवायचे, जाड कातडी हलकेच घासायची, पाय ओलसर असतानाच तेल लावायचं.

पूर्वी त्या वीस मिनिटांत मी शेजारची दोन घरं उरकून यायचे. एकदा मावशी म्हणाल्या, "पाणी बी माझ्यापाशी थांबतंय, तूच कुठं पळतीस?" तेव्हापासून मी घमेल्याशेजारी बसते, काही न विचारता. पंधरवड्यानं त्या आपणहून बोलल्या: चपलेचा बंद तुटलाय, मुलाकडे मागायला संकोच वाटतो, म्हणून रानात अनवाणीच जाते. टाचेची जखम का भरत नव्हती, ते तेव्हा कळलं.

दुपारी १
जामखेडला बैठक. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथं काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या बायांना, अक्षरओळख नसलेल्यांनाही, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सासूबाई इथंच शिकल्या. त्या सांगायच्या, "आधी बूड टेकव, मग पिशवी उघड." माझ्या सगळ्या शिक्षणाचा पाया हाच आहे.

संध्याकाळी ७
देवळात हरिपाठ. टाळ धरला की दिवसभराची घाई हातातून सुटते.

रात्री ९
पुन्हा ओसरी. जे आज जमलं नाही, तेही आठवते; त्याची टोचणी घेऊन झोपत नाही, उद्याच्या घरांत ते जोडते. मऊ तळाची, मागून बंद असलेली चप्पल पिशवीत ठेवली आहे. उद्या मावशी ती घालून अंगणात फिरतील. मग पाय मांडीवर घेऊन बघायचं, पट्ट्यानं कातडी कुठं लाल झाली का. त्यालाही वेळ लागेल. मी बसेन.