तक्त्यातली रिकामी जागा
दहावीच्या विज्ञानात मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण आले की मुले तक्ता घोकू लागतात. त्यामागची हकीकत मात्र घरात बसून सांगण्यासारखी आहे.

1829 साली जर्मनीच्या डोबरायनर यांनी सारख्या गुणांच्या मूलद्रव्यांची त्रिके मांडली. लिथियमचे अणुवस्तुमान 7, पोटॅशियमचे 39. त्यांची सरासरी 23, आणि मधल्या सोडियमचेही 23! पण सगळीच मूलद्रव्ये अशा त्रिकांत बसेनात.

1865 मध्ये इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी अणुवस्तुमानाच्या क्रमाने पाहिले, तर दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागत होते. सात सुरांनंतर पुन्हा 'सा' यावा तसे. पुढच्या वर्षी लंडनच्या केमिकल सोसायटीत एका सदस्याने त्यांना विचारले, की मूलद्रव्ये अक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलीत का? सोसायटीने निबंध छापलाही नाही. कॅल्शियमनंतर हा नियम अडखळत होता, हे खरे. पण मूळ कल्पना बरोबर होती.

1869 मध्ये रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी जिथे योग्य मूलद्रव्य मिळेना, तिथे जागा रिकामी ठेवली. ॲल्युमिनियमखालच्या जागेसाठी त्यांनी 68 हे अणुवस्तुमान सांगितले. 1875 मध्ये गॅलियम सापडले. त्याचे सुमारे 69.7 भरले. न्यूलँड्स यांनाही 1887 मध्ये रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दिले. थट्टेला तेव्हा 21 वर्षे उलटली होती.

आई-वडिलांनो, मुलाच्या अर्धवट उत्तराला हसू नका. त्यातले किती बरोबर आहे, ते आधी पाहा. आणि तक्ता पाठ करण्याआधी लिथियम, सोडियम, पोटॅशियम एकाखाली एक लिहायला सांगा. खाली जावे तशी पाण्याशी होणारी अभिक्रिया अधिक जोरदार होते. हा क्रम समजला, की घोकंपट्टी निम्मी होते.