सामाईक पाट आणि एकट्याचा हिशेब

तिरुचिरापल्लीजवळ कावेरीचे दोन फाटे होतात. उत्तरेकडील कोळ्ळिडम पुराचे पाणी समुद्राकडे वाहून नेतो, तर दक्षिणेकडील कावेरी तंजावरच्या भातशेतीला जगविते. श्रीरंगमचे बेट संपते तेथे हे प्रवाह पुन्हा एकमेकांजवळ येतात. कावेरीचे पाणी खालच्या पातळीवरील कोळ्ळिडममध्ये निसटू नये म्हणून तेथे घातलेला प्राचीन बांध म्हणजे कल्लणै होय. परंपरा त्याचे कर्तृत्व करिकाल चोळ राजाकडे देते.

बांध राजा बांधू शकतो. पण त्याच्या खाली पसरलेल्या असंख्य पाटांतील व चाऱ्यांतील गाळ दरवर्षी कोणी काढावयाचा? या कामाला तमिळ मुलखात ‘कुडिमरामत’ म्हणतात. कुडि म्हणजे रयत. मरामत हा शब्द मराठी वाचकास ओळखीचाच आहे. ज्या तंजावरावर १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती, तेथे हा संकर नवलाचा वाटू नये.

या कामातील अडचण एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका चारीवर १० कुटुंबे आहेत असे समजू. प्रत्येक कुटुंबाच्या श्रमाचे मोल ४ रुपये आहे, आणि त्या श्रमामुळे वाढणाऱ्या पाण्याने प्रत्येक कुटुंबाला १ रुपयाचा, म्हणजे एकंदर १० रुपयांचा लाभ होतो. सर्वांनी काम केल्यास प्रत्येकास १० रुपये मिळून खर्च वजा जाता ६ रुपये उरतात. परंतु नऊ जण राबले आणि दहावा घरी बसला, तर त्याला काहीही खर्च न करता ९ रुपये मिळतात. इतर काहीही करोत, घरी बसणाऱ्याचे ३ रुपये वाचतातच. हाच हिशेब दहाही जणांनी केला की गाळ तसाच राहतो आणि प्रत्येकाच्या हाती शून्य येते. एकाचा निर्णय दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो अशा प्रसंगांचा विचार करणाऱ्या शास्त्रशाखेस ‘खेळांचा सिद्धांत’ म्हणतात.

गैरहजेरीबद्दल ३ रुपयांहून थोडा अधिक दंड ठेवला तरी हिशेब उलटतो. मद्रास इलाख्यात १८५८ च्या कायद्याने रूढीप्रमाणे देय असलेल्या अशा श्रमांना सक्तीचे बळ दिले. मात्र सक्तीवाचूनही लोक नियम करू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगातील अनेक पाटांचा, कुरणांचा व मासेमारीच्या क्षेत्रांचा अभ्यास करून १९९० साली दाखविले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खऱ्या पाटावर सर्व शेतकरी सारखे नसतात. तोंडाशी असलेल्यास पाणी प्रथम मिळते, मग शेवटच्या शेताची चिंता त्याने का करावी? कारण मुख्य पाटाची डागडुजी त्याला एकट्याला पेलत नाही; शेवटच्यांचे हात त्याला हवे असतात, आणि त्या हातांच्या मोबदल्यात पाण्याची पाळी द्यावी लागते. शेतात स्वतःचा पंप आला की ही गरज कमी होते आणि करार सैल पडतो. शिवाय ‘रयतेचे काम’ या शब्दांवर फार विसंबू नये. तंजावरात जमीन मिरासदारांची असे, आणि गाळाची पाटी पुष्कळदा भूमिहीन मजुरांच्या डोक्यावर असे. नियम ठरविणारे एक आणि राबणारे दुसरे, अशा व्यवस्थेला सामुदायिक निर्णय म्हणणे कठीण आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी चालत आलेली फड पद्धत येथे आठवते. शेतांचे मोठे फड पाडून एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे, असा तिचा नियम. कोणी आपले पाणी स्वतः वळवून घेत नाही.

हेच कोडे राज्यांमध्ये आले की फार मोठे होते. कावेरीबाबत म्हैसूर व मद्रास यांचे १८९२ व १९२४ मध्ये करार झाले, १९९० मध्ये लवाद नेमला गेला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामान्य पावसाच्या वर्षी कर्नाटकाने तमिळनाडूसाठी १७७.२५ अब्ज घनफूट पाणी सोडावे असे ठरविले. चांगल्या पावसाच्या वर्षी हा आकडा कोणास खुपत नाही. पाऊस अपुरा पडला की मात्र तूट कोणी किती सोसावयाची हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या कावेरी जलव्यवस्थापन प्राधिकरणापुढे दोन्ही राज्ये आपापला हिशेब मांडतात.