ठिणगीचा मुहूर्त

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पावसाळा सरता सरता तेथे रानफुले पाहायला गर्दी लोटते. एका सकाळी मीही आमची जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन निघालो. गाडी वडिलांनी १९७९ साली घेतलेली. घरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत ती लोण्यासारखी चालली. चढ लागला आणि तिचा दम संपला. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर आलो, तरी ती ओढेना. तापमानाचा काटा वर सरकू लागला. शेवटी एका वळणावर कडेला लावून बॉनेट उघडले आणि सोबतच्या मुलांना म्हटले, "फुले इथूनच पाहा!"

दोषी कोण, ते दोन दिवसांनी कळले. पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतःच हौसेने विकत आणलेला एक स्वस्त डिस्ट्रिब्यूटर! तो कसा चुकला हे समजायचे, तर आधी तो करतो काय ते पाहू या.

पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या वर येताना हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबतो आणि नेमक्या वेळी प्लगमध्ये ठिणगी पडून ते पेटते. प्लगच्या टोकांमधील फट असते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. पण दाबलेल्या वायूतून तेवढी फट ओलांडायलाही विजेला हजारो व्होल्टचा जोर लागतो. गाडीची बॅटरी तर १२ व्होल्टची. मग हा जोर येतो कोठून?

उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. १८३१ साली फॅरडे यांनी दाखवून दिले, की चुंबकक्षेत्र बदलले की जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते. आणि बदल जितका झटपट, तितका जोर अधिक. गाडीच्या कॉइलमध्ये जाड तारेचे काहीशे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड वेढ्यांतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहू द्यायचा आणि तो एकदम तोडायचा. चुंबकक्षेत्र कोसळते आणि बारीक वेढ्यांत वीस हजार व्होल्टपर्यंतचा झटका येतो. प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहानशा संपर्कबिंदूंचे. गॅरेजमध्ये त्यांना 'पॉइंट' म्हणतात. पॉइंट जुळताना नव्हे, तर सुटताना ठिणगी पडते, हे लक्षात ठेवा. परीक्षेत मुले हमखास उलटे लिहितात. पॉइंटना जोडलेला कंडेन्सर, म्हणजे धारित्र, सुटण्याच्या क्षणी तेथेच ठिणगी उडू देत नाही, म्हणून प्रवाह झटकन तुटतो. कंडेन्सर बिघडला की ठिणगी प्लगमध्ये दुबळी पडते आणि पॉइंट मात्र जळून काळे होतात.

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास ही पद्धत मोटारींत रूढ केली आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या.

डिस्ट्रिब्यूटरचे दुसरे काम त्याच्या नावातच आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात झटका कोणाला द्यायचा, हे आतला फिरता रोटर ठरवतो. फियाटच्या इंजिनात हा क्रम १-३-४-२ असा आहे. पंगतीत वाढपी वाढत जातो तसेच हे, फक्त पानांचा क्रम जरा आडवातिडवा. हा वाढपी किती घाईत असतो पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला ६,००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००! दोन ठिणग्यांमधील दहा मिलिसेकंदांपैकी साधारण दोन-तृतीयांश वेळ पॉइंट जुळलेले राहतात. तेवढ्यात कॉइल 'भरून' घ्यायची.

तिसरे काम सर्वांत नाजूक, आणि माझी गाडी घाटात बसली ती त्याच्यापायी. मिश्रण पेटले की लगेच सगळे जळून जात नाही. ढोबळपणे दोन मिलिसेकंद धरू. जळण्याचा पुरता जोर दट्ट्या टोकाला जाऊन खाली वळताच मिळायला हवा. म्हणून ठिणगी थोडी आधी पाडावी लागते. किती आधी? इंजिन ७५० फेऱ्यांवर संथ चालू असताना क्रँकशाफ्ट सेकंदाला ४,५०० अंश फिरतो. दोन मिलिसेकंदांत ९ अंश. ३,००० फेऱ्यांना तो सेकंदाला १८,००० अंश फिरतो. तेवढ्याच वेळात ३६ अंश! (प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरातील खळबळ वाढून जळणेही थोडे जलद होते, म्हणून इतके अंश लागत नाहीत.) एवंच, ठिणगीचा मुहूर्त एकच ठेवून भागत नाही. वेग वाढेल तसा तो अलीकडे आणावा लागतो.

यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन छोटी वजने स्प्रिंगांनी बांधलेली असतात. दांडा जोरात फिरू लागला, की पाळण्यात बसल्यावर आपण बाहेर रेटले जातो तशी ती बाहेर फाकतात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला फिरण्याच्या दिशेने थोडे पुढे ढकलतात. पॉइंट आधी उघडतात, ठिणगी आधी पडते. याखेरीज बाजूला एक पत्र्याची डबी असते. तिच्यात पडदा असतो आणि एक नळी कार्ब्युरेटरकडे गेलेली असते. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवून जाताना मिश्रण विरळ असते आणि सावकाश जळते. त्याच वेळी नळीतील हवेचा दाब कमी होऊन पडदा ओढला जातो आणि ठिणगी आणखी काही अंश आधी पडते. घाटात पाय पुरता दाबला की ओढ नाहीशी होते आणि जादा अंश मागे घेतले जातात. नाही तर मिश्रण अवेळी भडकून इंजिनातून खडखड ऐकू येते. तिला 'नॉकिंग' म्हणतात. ती चालू ठेवली तर दट्ट्याला भोकही पडू शकते. एका पैचाही इलेक्ट्रॉनिक भाग नाही, आणि तरी यंत्र प्रसंग पाहून वागते! मला हे घड्याळाहून अधिक मोहक वाटते.

आता माझी फजिती. आमच्या मूळ डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बुश झिजल्यामुळे हलू लागला होता. पॉइंटमधील फट असते सुमारे ०.४ मिलिमीटर. दांडाच दशांश मिलिमीटर डुलला तर फट दर वेळी निराळी, आणि चार सिलिंडरांचे चार मुहूर्त! शिवाय डिस्ट्रिब्यूटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे त्यातील एक अंशाची चूक इंजिनाला दोन अंशांची पडते. मिस्त्री म्हणाले, "सर, बॉडी चांगली हाय. लेथवर नवा बुश करून घेऊ." मला धीर नव्हता. एका मोठ्या शहरातील जुन्या मालाच्या बाजारात जवळजवळ नवा दिसणारा डिस्ट्रिब्यूटर निम्म्या खर्चात मिळाला. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा होता, पण खालचा घेर तोच. जुन्याचा दातेरी तुकडा काढून त्याला बसवला, वायरी क्रमाने लावल्या आणि गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मी फुशारलो.

घाटातील प्रकारानंतर मिस्त्रींनी टायमिंगचा दिवा काढला. मिरजेचे कारागीर सतारीची जवारी कानाने लावतात, तसे आमचे मिस्त्री एरवी टायमिंग कानाने लावत. दिवा निघाला म्हणजे प्रकरण गंभीर. हा दिवा पहिल्या प्लगच्या वायरीला अडकवतात. त्या प्लगमध्ये ठिणगी पडली की तो लखलखतो. चोकवाल्या ट्यूबलाइटच्या उजेडात फिरता पंखा कधी कधी थांबल्यासारखा दिसतो ना? तसेच येथे पुलीवरची खूण जागच्या जागी स्थिर दिसते. संथ वेगाला खूण बरोबर १० अंश आधी होती. मिस्त्रींनी वेग वाढवला. खूण पुढे सरकायची ती मागे गेली! २,५०० फेऱ्यांना ठिणगी दट्ट्या खाली वळल्यानंतर पडत होती.

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग मिस्त्री हसले. "सर, ह्यो उलटा फिरणारा हाय."

कारण साधे होते. काही इंजिनांत डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, काहींत उलट. कॅमचे चारही कंगोरे सारखेच, म्हणून तो कोणत्याही दिशेने फिरवला तरी पॉइंट उघडतात आणि गाडी सुरू होते. पण वजने फाकली की ती कॅमला नेहमी एकाच बाजूला ढकलतात. दांडा त्या बाजूला फिरत असेल तर ठिणगी आधी पडते; उलट फिरत असेल तर उशिरा. डबीतल्या पडद्याचेही तेच. उशिरा पेटलेले मिश्रण दट्ट्याला ढकलण्याऐवजी इंजिन तापवते आणि उरलेली उष्णता धुराड्यावाटे जाते. गावात सावकाश फिरताना हे कळले नाही, घाटाने ते दाखवले.

म्हणून जुनी गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल, तर माझे मत असे. पहिली पसंती आपल्याच मूळ डिस्ट्रिब्यूटरला. नवा बुश, नवे पॉइंट, कंडेन्सर, कॅप आणि रोटर एवढ्यात तो बहुधा तरुण होतो. आणि सातारा-सांगलीकडे लेथवर चोख काम करणाऱ्यांचा तोटा नाही. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीचा कारखाना तर १९१० सालचा. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचे (स्थापना १९४४) संस्थापक वालचंद हिराचंद यांचे नावही सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. त्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे २००० सालच्या सुमारास थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील तिची शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली. त्यामुळे सुटे भाग यापुढे शोधावेच लागणार.

वापरलेला घ्यायचाच असेल तर दुकानातच दांडा धरून आडवा हलवून पाहा. रोटर बोटांनी फिरण्याच्या दिशेने थोडा वळवा. सोडल्यावर स्प्रिंगने तो परत आला पाहिजे. नेमका आपल्या दिशेनेच वळतो ना, ही परीक्षा मी केली असती तर लेखाला विषय मिळाला नसता! डबीची नळी पुसून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने बंद करा. आतली पट्टी सरकून तशीच राहिली तर पडदा शाबूत आहे. कॅपला केसाएवढीही चीर नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल त्या चिरेत शिरते आणि वीज प्लगऐवजी तिथूनच पळते.

शर्यतीसाठी बनवलेले, पडद्याची डबीच नसलेले डिस्ट्रिब्यूटर दिसायला देखणे असतात. शर्यतीत पाय एक तर पुरता दाबलेला, नाही तर उचललेला. तिथे डबीचे काम नाही. आपला पाय बहुतेक वेळ अर्धवटच दाबलेला असतो. डबी गेली की पेट्रोल जास्त जळते. ते पैसे वाचवावेत.

पॉइंटच्या जागी बसणारा छोटा इलेक्ट्रॉनिक संच मात्र विचार करण्यासारखा आहे. कॅमवर चुंबकांची कडी बसते आणि एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा संवेदक ते चुंबक ओळखून प्रवाह तोडतो. काही घासत नाही, म्हणून फट बदलत नाही. पण हलणारा दांडा त्याने बरा होत नाही, बुश आधी करावाच लागतो. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या तर तो क्षणात जातो. पॉइंट बिघडताना आधी कुरकुर करतात, हा न सांगता बंद पडतो. आम्ही संच बसवला आहे, तरी पॉइंटची जुनी पट्टी आणि एक स्क्रूड्रायव्हर डिकीत असतोच.

मूळ डिस्ट्रिब्यूटर नवा बुश लावून परत बसला आणि त्याच महिन्यात गाडी यवतेश्वर चढून गेली. फुले मात्र ओसरली होती. तो उलटा डिस्ट्रिब्यूटर आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कॅप काढून, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला आहे. मुले हँडलने त्याला कधी इकडे, कधी तिकडे फिरवतात आणि वजने फाकताना कॅम कोणत्या बाजूला सरकतो ते वहीत काढतात.