अकरा महिन्यांचे घर

दरवर्षी जून महिना उजाडला की अमडापूरसारख्या गावांतून मुले शिक्षणासाठी बाहेर पडतात. कोणी तालुक्याच्या ठिकाणी चिखलीस राहतो, कोणी बुलढाण्यास किंवा खामगावास, तर कोणी थेट पुणे गाठतो. बरोबर आलेले वडील दोन दिवस गल्ल्या पालथ्या घालतात, अनामत रकमेचा आकडा ऐकून गप्प होतात आणि अखेरीस अकरा महिन्यांच्या कराराने एक खोली पदरात पाडून घेतात. पुण्यात त्याच गल्लीतील जुन्या वाड्यात तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचे भाडे या खोलीच्या वीजबिलाइतकेही नसते. दोन शेजाऱ्यांत एवढे अंतर का पडावे? आमच्या मते याचे मूळ बाजारापेक्षा कायद्यात अधिक आहे.

महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूस संरक्षण देणे अवश्यच होते. मुंबई इलाख्यात १९४७ चा कायदा आला, आणि आमच्या वऱ्हाडात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश. या आदेशान्वये घरमालकास घर सोडण्याची नुसती नोटीस द्यावयाची झाली तरी आधी भाडेनियंत्रकाची परवानगी मिळवावी लागे. न्यायालयाची पायरी त्यानंतरची. मुंबईत तर प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यापाशी गोठले. संकटकाळचा हा उपाय संकट सरल्यावरही अर्धशतक चालू राहिला, छपरे गळू लागली आणि दुरुस्ती कोणी करावी याचा वाद पिढीजात झाला. गोठलेल्या भाड्याची ही तरतूद आता अवाजवी झाली आहे, असे १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयासही म्हणावे लागले.

तत्पूर्वी १९७३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस 'लीव्ह अँड लायसन्स'ने राहत असलेल्यांना मुंबई कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. हेतू दयेचा होता, पण घरमालकांनी त्यातून निराळाच धडा घेतला: घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप बरे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. सर्वच या भीतीपायी रिकामी नव्हती हे खरे. पण ही भीती काल्पनिकही नव्हती.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने मुंबई, वऱ्हाड व हैदराबाद येथील तिन्ही जुने कायदे एकत्र आणले आणि वर्षास चार टक्के वाढ मान्य केली. वीस रुपये भाड्यावर चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांत ती रक्कम त्रेपन्न रुपयांवर जाते. त्रेपन्न रुपयांत गवंड्याचा चहा होईल, भिंत होणार नाही! उलट, अकरा महिन्यांच्या परवानाधारकास याच कायद्यात जवळजवळ काहीच आधार नाही. मुदतीनंतर तो राहिला तर दुप्पट दराने भरपाई त्याच्या माथी येते. वास्तविक वर्षाहून कमी मुदतीचा करार नोंदणी टाळण्यासाठी होत असे. आता या राज्यात प्रत्येक करार नोंदवावाच लागतो. म्हणजे कारण गेले, खोड तेवढी राहिली.

पुनर्विकासाचे मापही आधी आलेल्याच्याच पदरात पडते. वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत जन्म काढलेल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु चाळ पडून मनोरा उभा राहतो तेव्हा भाड्याच्या स्वस्त खोल्या नाहीशा होतात, आणि उद्या येणाऱ्यासाठी त्यांच्या जागी काहीच बांधले जात नाही.

जुन्या भाडेकरूस रस्त्यावर काढा, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी दुरुस्तीपुरते तरी भाडे द्यावे. वृद्ध व गरजू यांचा भार सरकारने उचलावा, घरमालकाने नव्हे. नव्या करारांस किमान तीन वर्षांची मुदत असावी. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे आहे. राज्याच्या विधिमंडळाने निदान एवढा भाग तरी उचलावा. आणि पाडलेल्या चाळींच्या जागी काही खोल्या भाड्यासाठीच राखाव्यात, असे नगरपालिकांनी बांधकामाची परवानगी देतानाच बिल्डरांकडून लिहून घ्यावे.