कोंबड्यांचे खुराडे कसे साफ करावे?

आमच्या घरी ११ कोंबड्या, १ कोंबडा आणि सध्या ८ पिल्ले आहेत. आई अंडी विकते. त्या पैशांतून माझ्या वह्या येतात व घरचे तेल-मीठही येते. म्हणून खुराडे साफ करणे हे काम आमच्यात कोणी हलके मानत नाही. ते मी आणि आजी करतो.

पुष्कळ लोक खुराड्यात वरूनच फिनेल ओततात. वास आला की झाली सफाई! पण खाली शीट तशीच असली तर औषधाचा जोर शिटीतच संपतो आणि जंतू जिवंत राहतात. हे आम्हांला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले. म्हणून आधी खुरप्याने सगळी शीट खरवडून काढावी. कोपऱ्यात ती दगडासारखी घट्ट बसते. तिथे पाणी शिंपडून थोडा वेळ थांबावे. शीट उकिरड्यावर टाकावी, खत झकास होते. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून खराट्याने खसाखसा घासावे व वाळू द्यावे. मला वाटते निम्म्याच्या वर काम इथेच होते.

आता औषध. भिंतीला चुना चांगला. त्याने जंतू मरतात, फटी बुजतात आणि पिसवांना लपायला जागा उरत नाही. पण चुनकळी पाण्यात टाकली की रटरटा उकळते. डोळ्यात उडाली तर डोळा जायचा. म्हणून चुना आजीच विरवते, मी लांब उभा राहतो. पाण्याच्या भांड्याला टीसीएल पावडर वापरावी, विहिरीत टाकतात तीच. आधी भांडे घासावे, मग पावडरीच्या पाण्यात बुडवावे आणि शेवटी साध्या पाण्याने धुवावे. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो. ॲसिडमध्ये ती कधीच मिसळू नये, विषारी वायू निघतो.

पिलांना रक्ती हगवण होते. तिचे जंतू फार चिवट. फिनेलला दाद देत नाहीत, टीसीएललाही नाही. ओल मिळाली की त्यांचे फावते. तिथे कोरडेपणाच कामाला येतो. आम्ही खाली भाताचे तूस पसरतो, ओले झाले की लगेच बदलतो. पाण्याचे भांडे बाहेर ठेवतो. पावसाळ्यात हे फार जिकिरीचे होते, कारण तूसच वाळत नाही.

काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शिटीतल्या जंतूंनी माणसालाही जुलाब होतात. आजी तर हात हुंगून बघते, मगच भाकरी वाढते.

मानमोडी मात्र नुसत्या सफाईने थांबत नाही. तिलाच राणीखेत म्हणतात, त्या नावाचे गाव हिमालयाकडे आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका घरच्या १४ कोंबड्या तिने चार दिवसांत गेल्या. रोग आल्यावर औषध नाही, आधी लसच टोचावी किंवा थेंब द्यावे लागतात. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नये, कुत्री ओढून गावभर नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. आमच्या ८ पिलांना पहिले थेंब डोळ्यांत देऊन झाले आहेत, पुढची लस कधी ते आईने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.